तटस्थाचा शरद

संस्कृतात वर्षाला जी नावे आहेत, त्यांतील काही मुळात ऋतूंची नावे आहेत. ‘वर्ष’ या शब्दात पाऊस आहे. ‘शरद’ हा शब्दही एका ऋतूचे नाव असूनच वैदिक भाषेत पुऱ्या वर्षाचा वाचक झाला. दीर्घायुष्य मागणारी वैदिक प्रार्थना म्हणूनच शंभर शरद मागते. यजुर्वेदातील या प्रार्थनेचा क्रम विचारात घेण्याजोगा आहे. तिथे जगण्याच्याही आधी पाहणे मागितलेले आहे. त्यानंतर जगणे, ऐकणे, बोलणे आणि सर्वांत शेवटी अदीन असणे, म्हणजे कोणापुढेही लाचार न होता राहणे. पाहण्यापासून निघालेली प्रार्थना अदीनतेपाशी का थांबते, या पहिल्या आणि शेवटच्या मागणीचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न केवळ वेदाभ्यासकांचा नाही. शरद ऋतूत निव्वळ पाहण्यासाठी घराबाहेर पडणाऱ्या माणसालाही तो लागू होतो.

शरदाचे आणि वाटेचे नाते या देशात जुने आहे. पावसाळ्यात नद्या दुथडी भरत, वाटा चिखलात हरवत. भिक्षूंचा वर्षावास आणि यतींचा चातुर्मास हे धर्माचे नियम असले, तरी त्यांना पावसाने बंद पडलेल्या वाटांचाही आधार होता. आकाश निवळले, वाटा वाळल्या, की अडलेले जग पुन्हा चालू लागे. विजयादशमीचे सीमोल्लंघन हा त्या चालू लागण्याचा विधी. सैन्ये मोहिमेवर निघत, व्यापारी तांडे घेऊन निघत. ‘मेघदूता’तील यक्षाचा शापही विष्णू शेषशय्येवरून उठतो त्या कार्तिकातच संपणार असतो. आषाढात मेघाला सांगितलेली ती दीर्घ वाट अखेर शरदाच्या चांदण्या रात्रींकडे डोळे लावून बसलेल्या एका माणसाने सांगितलेली आहे, ही गोष्ट पावसाचे काव्य म्हणून ते वाचताना अनेकदा निसटून जाते.

आजचा शरदातील प्रवासी मात्र या सर्वांहून वेगळा आहे. तो लढायला निघालेला नाही, विकायला निघालेला नाही, तीर्थालाही निघालेला नाही. तो पाहायला निघालेला आहे. शनिवार-रविवार गाठून, मोटारीत पाणी आणि खाद्यपदार्थ भरून, शहरापासून शे-दोनशे किलोमीटरवर जाऊन संध्याकाळपर्यंत परतणाऱ्या या माणसाची चेष्टा करणे सोपे आहे, आणि मराठी ललित लेखनाने ती पुष्कळ केलेली आहे. परंतु त्याच्या निघण्यात एक मोलाची गोष्ट आहे. जिथून त्याला काहीही मिळवायचे नाही अशा ठिकाणी तो जातो. डोंगर त्याच्या मालकीचा नाही, शेत त्याच्या नावावर नाही, फुले त्याला विकायची नाहीत. लाभाचा हिशेब न करता एखाद्या गोष्टीपाशी थांबण्याची ही शक्ती माणसात नसती, तर सौंदर्य या कल्पनेचा जन्मच झाला नसता. प्रश्न आहे तो या निर्हेतुकतेच्या नैतिक मोलाचा. ज्याला काही नको आहे, तो काही देणेही लागत नाही काय?

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक वाट डोळ्यांसमोर ठेवणे बरे. सातारा शहरातून निघालेला रस्ता यवतेश्वराचा घाट चढून डोंगराच्या माथ्यावर येतो आणि माथ्यामाथ्यानेच पश्चिमेला कास पठाराकडे जातो. एका हाताला खोल दरीत कण्हेर धरणाचे पाणी चमकते, दुसऱ्या हाताला उरमोडीचे. पठारापासून पुढे उतरत हा रस्ता जावळी तालुक्यातील बामणोलीपाशी, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी येतो. भाद्रपद सरता सरता आणि आश्विनात या वाटेवर जे दिसते, त्यासाठी माणसे लांबून येतात. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर तेरड्याची गुलाबी आणि सोनकीची पिवळी पसरण असते, मध्येच गेंदाचे पांढरे ठिपके, ओलसर जागी सीतेच्या आसवांची जांभळी-निळी झाक. साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद या पठारावर झालेली आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास पठार आहे.

या वैभवाचे कारण मात्र दारिद्र्य आहे. सड्यावर मातीचा थर इतका पातळ असतो की मोठ्या झाडाला मूळ धरता येत नाही. पावसाळ्यात पाणी साचते, पाऊस सरला की तोच खडक तापून कोरडा पडतो. मातीत पोषक द्रव्ये थोडी. या तुटपुंज्या अवधीत उगवायचे, फुलायचे, बी धरायचे आणि नाहीसे व्हायचे, एवढ्याच अटीवर तिथे जगता येते. सीतेची आसवे ही वनस्पती तर मातीत न मिळणारा नत्राचा अंश मिळवण्यासाठी पाण्यातील सूक्ष्म जीव पकडते. तिच्या मुळासारख्या भागांवर बारीक पिशव्या असतात आणि त्या सापळ्यासारख्या काम करतात. वर पाहणाऱ्याला अश्रू दिसतात आणि खाली, चिखलात, शिकार चाललेली असते. हे कळल्यावर फूल कमी सुंदर होते काय? बहुतेकांचा अनुभव उलट आहे. ते अधिक लक्ष देऊन पाहिले जाते. ज्ञानाने आस्वाद बिघडतो ही समजूत जितकी प्रचलित आहे तितकी तपासलेली नाही, याचा हा पहिला पुरावा.

सौंदर्यानुभवाला लाभाची अपेक्षा असू नये, हा विचार पाश्चात्त्य परंपरेत कांटने १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात मांडला. वस्तू आपल्या मालकीची आहे की नाही, उपयोगाची आहे की नाही, याविषयी उदासीन राहून होणारा आनंद तोच सौंदर्याचा आनंद, असे त्याचे म्हणणे. मराठी समीक्षेने हा विचार स्वीकारताना त्यासाठी ‘ताटस्थ्य’ हा शब्द पुष्कळ वापरला. शब्द देखणा आहे. तट म्हणजे काठ. प्रवाहात न उतरता काठावर उभा राहून पाहणारा तो तटस्थ. परंतु संस्कृत काव्यशास्त्रात हा शब्द गौरवाचा नाही. रसाची प्रतीती तटस्थपणे होत नाही आणि आत्मगतपणेही होत नाही, असे भट्टनायकाने म्हटले आणि अभिनवगुप्तानेही तो पेच मानला. रंगभूमीवरचे दुःख दुसऱ्याचे म्हणून पाहिले तर प्रेक्षकाला त्याचे काही वाटणार नाही. स्वतःचे म्हणून पाहिले तर तो रडेल, आस्वाद घेणार नाही. या दोहोंमधील वाट म्हणजे साधारणीकरण, आणि त्या वाटेने जाऊ शकणारा तो सहृदय. अर्थात ज्याला आजची भाषा आदराने तटस्थ म्हणते, त्याला जुने शास्त्र आस्वादाच्या उंबरठ्याबाहेरच उभे करते.

अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी जी विघ्ने सांगितली आहेत, त्यांत स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होऊन जाणे हे एक आहे. हे विघ्न शरदातील शेतकऱ्याला लागू करून पाहण्याचा मोह होतो. जावळीच्या खोऱ्यात आश्विन हा भात निसवून पिवळे पडण्याचा महिना. उतारांवर नाचणी आणि वरी तयार होत असते. याच दिवसांत परतीचा पाऊस येतो. दुपारनंतर डोंगरामागून काळे ढग चढू लागतात, उन्हाचे तिरपे पट्टे पिवळ्या खाचरांवर पडतात, आणि रस्त्याच्या वळणावर मोटारी थांबतात. चित्र खरोखरच अपूर्व असते. त्याच वेळी खाचरात कापून पसरलेले भात गोळा करण्याची घाई चाललेली असते, कारण तासाभराच्या सरीने ते भिजून कुजू शकते. एकच ढग दोघे पाहतात. एकाला तो रंग आहे, दुसऱ्याला धोका. तेव्हा सौंदर्य पाहण्याचा अधिकार फक्त ज्याचे पीक बाहेर पडलेले नाही त्यालाच आहे, आणि शेतकरी विघ्नग्रस्त आहे, असे म्हणायचे काय?

असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही, आणि कालिदासासारख्या कवीलाही ते मान्य झाले नसते. ‘ऋतुसंहारा’त शरदाला स्वतंत्र सर्ग देणारा हा कवी ‘मेघदूता’त मेघाला वाट सांगताना एक गोष्ट आवर्जून सांगतो: शेतीचे फळ तुझ्या हाती आहे हे जाणणाऱ्या ग्रामीण स्त्रिया तुझ्याकडे स्नेहाने पाहतील. त्या पाहण्यात नागर विभ्रम नाहीत. गरज आहे, आणि प्रेमही आहे. कालिदास त्या पाहण्याला आस्वादाहून खालचे मानत नाही. उलट त्या नजरा मेघाच्या वाटेवरील सुंदर गोष्टींतच तो गणतो. म्हणजे गरजेची नजर आणि सौंदर्याची नजर एकाच डोळ्यात नांदू शकते, हे आपल्या सर्वांत परिष्कृत प्रवासकाव्यानेच गृहीत धरलेले आहे. त्यांची फारकत नंतरच्या काळात झाली, आणि ती पाहणाऱ्यांनी केली, राबणाऱ्यांनी नव्हे.

याचा साधा पुरावा वनस्पतींच्या नावांत सापडतो. पाण्याने डबडबलेल्या खडकावरच्या चिमुकल्या फुलाला सीतेची आसवे म्हणायला आधी खाली वाकून पाहावे लागते, आणि त्याहून आधी वनवासातली सीता मनात असावी लागते. वायतुरा, चवर, गेंद, टोपली कारवी ही नावे ज्यांनी घडवली त्यांनी आकार, ऋतू, उपयोग हे सारे एकाच वेळी पाहिलेले होते. कासवर स्मिथिया प्रजातीतील एक पिवळे फूल आज ‘मिकी माउस’ या नावाने प्रसिद्ध आहे. दोन लाल ठिपक्यांमुळे ते तसे दिसते हे खरे, आणि हे नाव ठेवणाऱ्या पर्यटकाची कल्पकताही नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच प्रजातीतील कवला सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या घरांत पावसाळी रानभाजी म्हणून शिजतो. एका नावामागे क्षणभराचे साम्य आहे, दुसऱ्यामागे कित्येक पावसाळ्यांचा परिचय. सौंदर्याची जाण शहरातून मोटारीत बसून येते आणि गावात फक्त पोटाची चिंता असते, हा समज या एका शब्दापाशीच डळमळू लागतो.

असाच पेच देशाच्या दुसऱ्या टोकाला, काश्मीरमध्ये, अधिक टोकदार रूपात दिसतो. श्रीनगरहून दक्षिणेला येणाऱ्या महामार्गावर पांपोरच्या आसपास केशराची शेते आहेत. चिनार लाल होऊ लागतात त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, तिथली उघडी माती जांभळ्या फुलांनी भरते. प्रवासी थांबतो तो या जांभळ्या विस्तारापाशी. परंतु शेतकऱ्याला तो विस्तार टिकवायचा नसतो. फूल उमलले की सकाळीच खुडावे लागते, कारण उन्हाने ते कोमेजते. मग त्यातील तीन लाल तंतू हाताने वेगळे करायचे. एक ग्रॅम केशराला सुमारे दीडशे फुले लागतात. म्हणजे पाहणाऱ्याचे दृश्य हे खुडणाऱ्याचे उरलेले काम असते. शेत जितके जांभळे, तितकी कंबर अजून वाकायची आहे. हे ठाऊक असलेला प्रवासी कमी आनंदी होईल असे नाही. खुडून झालेल्या, मातकट दिसणाऱ्या वाफ्याकडे पाहतानाही त्याला काही दिसेल, एवढाच फरक पडेल. ज्याला हे ठाऊक नाही, तो ‘उशीर झाला’ असे म्हणून पुढे जाईल.

इथवरचा विचार सुखद आहे. जाणून घेतल्याने आस्वाद समृद्ध होतो हे फुलांच्या आणि पिकांच्या बाबतीत मान्य करायला फारशी किंमत द्यावी लागत नाही. खरी कसोटी बामणोलीला लागते. शरदात शिवसागर काठोकाठ भरलेला असतो. पाऊस ओसरून हवा स्वच्छ झालेली असते. समोर वासोट्याच्या बाजूचे दाट डोंगर पाण्यात उतरलेले दिसतात. आणि सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा तो जलाशय खोऱ्याच्या वळणांतून दिसेनासा होतो. कित्येकांना हे निसर्गनिर्मित सरोवरच वाटते. वस्तुतः हे कोयना धरणाचे पाणी आहे. १९५०च्या दशकात काम सुरू झालेल्या आणि १९६०च्या दशकात पुऱ्या झालेल्या या धरणाने कोयनेचे खोरे बुडवले. त्यात गावे होती, भाताची खाचरे होती, देवळे होती, वहिवाटा होत्या. त्या पाण्यावर सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला वीज तयार होते. महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीत तिचा वाटा मोठा आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु राज्यातील प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. कोयनेची माणसे त्याच्या कितीतरी आधी उठली होती.

उठलेल्या काही कुटुंबांना सोलापूर, सांगलीकडे जमिनी मिळाल्या, काहींना कोकणाच्या बाजूला. सोलापूरकडे गेलेल्यांचे विस्थापन केवळ जागेचे नव्हते. कोयनेच्या खोऱ्यात शरद हा कापणीचा काळ; पावसाळाभर गुडघाभर चिखलात उभे राहून केलेल्या श्रमाचे फळ घरात येण्याचा. सोलापूरच्या कोरडवाहू प्रदेशात हाच काळ रब्बी ज्वारीच्या पेरणीचा, जमिनीतील ओलावा मोजत बी टाकण्याचा. भात लावणाऱ्या माणसाला ज्वारी पेरायला शिकावे लागले; त्याहूनही अवघड म्हणजे, जो महिना भरल्या कणगीचा होता तो अनिश्चिततेचा झाला. दसरा तोच, कोजागरी तीच, पण सणांच्या आजूबाजूचे वर्ष फिरले. नकाशावर गाव हलल्याची नोंद होते. एखाद्या समाजाचा शरद हलल्याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. बामणोलीच्या काठावर उभा राहून पाण्याकडे पाहणारा माणूस शब्दशः तटस्थ असतो. तो ज्या तटावर उभा आहे तो तट नदीने घडवलेला नाही, एवढे तरी त्याने जाणावे काय, हा आता केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही.

या ठिकाणी कांटचाच एक दाखला उपयोगी पडतो. त्याच ग्रंथात तो एका खानावळवाल्याची गोष्ट सांगतो. गावाकडची हवा खायला आलेल्या पाहुण्यांना रात्री बुलबुलाचे गाणे ऐकवावे म्हणून, बुलबुल नसताना, तो एका पोराला झुडपात लपवून शिट्टीने तो आवाज काढायला लावतो. आवाज हुबेहूब असतो. पण लबाडी कळताच तेच गाणे कोणाला ऐकवेनासे होते. कांटच्या मते यावरून दिसते ते असे, की निसर्गसौंदर्यात माणसाला वाटणारी ओढ ही केवळ नादाची वा रंगाची ओढ नसते. ते निसर्गाचे आहे ही जाणीव तिच्या मुळाशी असते. लाभाविषयी उदासीन असणारा हा तत्त्वज्ञ सत्याविषयी उदासीन नव्हता. ज्याच्या नावावर निव्वळ रूपाचा पुरस्कार खपवला जातो त्याच्याच या उदाहरणात, आपण काय पाहतो आहोत याचे ज्ञान सौंदर्यानुभवाचा घटक ठरलेले आहे.

मात्र हे उदाहरण शिवसागराला जसेच्या तसे लागू पडत नाही. तिथे कोणी पोर लपवलेला नाही. धरण कोणापासून दडवलेले नाही. पाहणाऱ्याने विचारलेले नसते, इतकेच. दुसरे असे, की धरणाची हकीगत कळल्यावर पाणी पाहवेनासे होत नाही. ते सुंदरच राहते, आणि हीच खरी अडचण आहे. कुरूपता आणि अन्याय एकत्र आले की विवेकाला सोपे जाते. सौंदर्य आणि अन्यायाची आठवण एकाच पाण्यात दिसू लागली की माणूस चटकन दोहोंपैकी एकाला दूर सारू पाहतो: एक तर ‘आता जुन्या गोष्टी कशाला’ असे म्हणून पाहत राहतो, नाही तर ‘इथे आनंद घेणे पाप आहे’ असे ठरवून मान वळवतो.

या दुसऱ्या प्रतिक्रियेकडे अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण ती नीतीचा वेष घेऊन येते. बुडालेल्या गावांच्या आठवणीने जो प्रवासी अपराधी होतो आणि पाण्याकडे पाहण्याचे टाळतो, त्याच्या मनात ती गावे किती उरतात? अभिनवगुप्ताने सांगितलेले विघ्न स्वसुखापुरते नाही; त्यात स्वदुःखही येते. अपराधभाव हे पुष्कळदा स्वतःविषयीचेच दुःख असते. आपले मन किती हळवे आहे, हे पाहण्यात गुंतलेल्या माणसाला समोरचे खोरे दिसत नाही, आणि त्या खोऱ्यातील माणूसही दिसत नाही. त्याच्या खिन्नतेने कोणाचीही जमीन परत येत नाही. शिवाय काठावर होडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा या खिन्नतेला काहीच उपयोग नाही. बामणोलीला पर्यटकांना होडीतून पलीकडे नेणारे बहुतेक स्थानिकच आहेत. ज्या पाण्याने शेती नेली त्याच पाण्यावर आता रोजी मिळते, आणि ती मिळते ती हे पाणी कोणाला तरी सुंदर वाटते म्हणूनच. प्रवाशाने सौंदर्याचा त्याग केला, तर तो त्याग त्याच्या खिशाला स्वस्त आणि होडीवाल्याला महाग पडेल.

साधारणीकरणाची कल्पनाही इथे अपुरी पडते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. रंगभूमीवरचा दुष्यंत कोणाचाच नसतो म्हणून सर्वांचा होऊ शकतो. त्याच्या दुःखाचा आस्वाद घेतल्याने कोणाचे काही घेतले जात नाही. काठावरचा माणूस मात्र विशिष्ट आहे. त्याचे दुःख साधारण करून त्याचा करुण रस बनवणे म्हणजे त्याच्याकडून आणखी एक गोष्ट काढून घेणे. वाङ्मयाने हा अपराध केलेला आहे; विस्थापितांविषयीच्या कित्येक कवितांत विस्थापित हा केवळ कवीच्या करुणेचा प्रसंग असतो. म्हणून काव्यशास्त्राने शिकवलेली सहृदयता वाटेवर उतरताना तिच्यात एका गोष्टीची भर पडायला हवी: समोरचा माणूस उत्तर देऊ शकतो, हे लक्षात असणे. नाटकातील पात्राला प्रश्न विचारता येत नाही. होडीवाल्याला येतो. त्याचे गाव कोणते, शेत अजून आहे का, यंदा भात कसे आहे, हे विचारणे ही समाजसेवा नव्हे आणि कुतूहलाचा अतिरेकही नव्हे. सांगायचे की नाही, हे अर्थात त्याच्याच मर्जीवर. पाहण्याचाच हा पुढचा टप्पा आहे.

शरदाच्या वाटेवर प्रवाशांच्या मोटारींबरोबर आणखी एक वाहतूक चालू असते आणि ती सहसा कोणाच्या छायाचित्रात येत नाही. जावळी-पाटणच्या खोऱ्यांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामगार म्हणून राबत आले; १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला त्यामागे या ओझ्याचा मोठा इतिहास आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापणीच्या हंगामात, एस.टी.ने गावाकडे परतणाऱ्यांत या घरांतील माणसे असतात. एकाच घाटात, एकाच वळणावर, एक माणूस दृश्य पाहायला थांबतो आणि दुसरा खिडकीतून आपल्या शेतावर कापणी झाली का ते पाहतो. दुसऱ्याच्या पाहण्यात आनंद नसतो असे कोण म्हणेल? वर्षभर पाठीवर पोती वाहिल्यावर पिवळे खाचर दिसणे यात जो आनंद आहे, त्याला ताटस्थ्याचा स्पर्शही नाही आणि तरी तो निव्वळ लाभाचा आनंद नाही. पहिल्या प्रवाशाला शरद शिकायचा असेल, तर तो त्याच एस.टी.च्या खिडकीशी शिकायला मिळेल.

कास पठारावर आज येणाऱ्यांकडून शुल्क घेतले जाते, त्यांच्या संख्येवर मर्यादा घातली जाते, ठरलेल्या वाटेवरून चालण्याचा आग्रह धरला जातो, आणि या व्यवस्थेत आसपासच्या गावांच्या समित्यांचा भाग असतो. काही प्रवाशांना हे जाचक वाटते. निसर्ग सर्वांचा, मग तिकीट कसले, असा त्यांचा युक्तिवाद असतो. हा युक्तिवाद निर्हेतुकतेच्या एका गैरसमजातून येतो. जे कोणाच्याच मालकीचे नाही ते फुकट आहे, असे तो मानतो. परंतु पातळ मातीवर पडणारे प्रत्येक पाऊल काही चिरडते, आणि हजारो निर्हेतुक पावले मिळून एक पठार उजाड करू शकतात. हेतू शुद्ध असला म्हणून परिणाम शुद्ध होत नाही, हे नीतिशास्त्रातील जुने सत्य सड्यावर पायाखाली येते. मालकी नसल्याने लोभ सुटतो. ऋण सुटत नाही. किंबहुना जिथे मालकी नाही तिथेच ऋण अधिक असते, कारण मिळालेले सारे दुसऱ्याचे असते: मातीचे, पावसाचे, गुरे वळणाऱ्यांचे, नावे ठेवणाऱ्यांचे आणि ज्यांच्या खोऱ्यावर आज पाणी उभे आहे त्यांचे.

ऋण म्हटले की ते फेडण्याची भाषा सुरू होते. शरदाचे ऋण फिटणारे नाही, आणि ते फेडल्याचा आविर्भाव आणणे हेही अहंकाराचेच रूप ठरेल. ते ओळखता मात्र येते. आपल्या आनंदाचा आधार कोणाकोणावर आहे हे जाणूनही जो आनंद टिकतो तो खरा आस्वाद, आणि जो केवळ न जाणल्यामुळे टिकतो तो आस्वादाचा भास, अशी एक कसोटी यातून हाती लागते. ती प्रवाशाला घरी बसवत नाही. ती त्याला थांबायला सांगते, खाली वाकायला सांगते, विचारायला सांगते, आणि कधी कधी छायाचित्र न घेता मोटारीकडे परतायलाही सांगते.

आश्विनातल्या पौर्णिमेला लक्ष्मी ‘कोण जागे आहे’ असे विचारत फिरते, अशी श्रद्धा आहे. त्या रात्री शिवसागरावर पडणारे चांदणे काठावरच्या सर्वांना सारखेच दिसते. त्या प्रकाशात जो केवळ चांदणे पाहतो तो अर्धा जागा आहे; जो केवळ बुडालेली गावे आठवतो तोही अर्धाच. शंभर शरद पाहण्याची प्रार्थना अदीनतेपाशी का थांबते, याचे उत्तर कदाचित याच काठावर आहे. ती प्रार्थना एकवचनी नाही. तिच्यात मागणारे अनेक आहेत, आणि जे पाहतील तेच अदीनही राहोत अशी ती मागणी आहे. पाहणारे एक आणि दीन होणारे दुसरे अशी वाटणी झाली, की शरद येत राहतो, आकाश निवळत राहते, पाणीही चमकत राहते. पण त्या प्रार्थनेने मागितलेला शरद तो हा नव्हे.